प्रतिनिधी क्रमांक सतरा

३ मार्च

नोंदवही उघडत नाही, म्हणून ही वही उघडली आहे. सकाळी साडेनऊपासून पावणेबारापर्यंत पडद्यावर एक गोल फिरत होता. तेवढ्या वेळात तिघे जण येऊन गेले आणि काय दिले, काय आले, ते मी एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर लिहिले. भांडारात एकतीस वर्षे काढलेल्या बाईने लिफाफ्यावर नोंदी कराव्यात, याची मला लाज वाटली. आजपासून रोज इथे लिहीन.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर सगळी हकीकत लिहायची आमच्या भांडारात पद्धत होती. हॉस्पिटलच्या भांडारातून निवृत्त झाल्यावर मी आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू उसन्या देण्याचे केंद्र चालवते. आमच्या घराच्याच तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या, वाफ घ्यायची यंत्रे, चार ऑक्सिजन मशीन, असे एकूण ४१२ नग. माझ्याबरोबर रुग्णवाहिकेचे निवृत्त चालक असतात. आवाजामुळे सगळे त्यांना भोंगाभाऊ म्हणतात. कोणता नग कोणाच्या घरी आहे, हे पाच वर्षांपासून संगणकावरच्या नोंदवहीत असते. ती एका लहान कंपनीची. माझी भाची त्या कंपनीत नोकरीला आहे, माझ्याकडेच राहते, आणि नोंदवही तिनेच बसवून दिली. ती चालू झाल्यावर जुन्या नऊ वह्या मी स्वतः उभी राहून रद्दीत घातल्या. दोन ठिकाणी नोंद म्हणजे दोन ठिकाणी चूक, असे तेव्हा सर्वांना ऐकवलेही होते.

जानेवारीत ती कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. मी त्यांना धाकटी आणि थोरली म्हणते. "कळवण्यास आनंद होतो" असे पत्र आले. तेव्हापासून गोल फिरतो आहे. ३१ मार्चला जुनी नोंदवही कायमची बंद. त्याआधी सगळे आपोआप नव्या ठिकाणी जाईल म्हणे. आपोआप काही जात नाही. धूळ तेवढी आपोआप येते.

भाचीला विचारले. ती म्हणाली, "मावशी, आमच्यातलेच तिघांतले दोघे जायचेत. नोंदवहीचं काय घेऊन बसलीस?"

माझ्याकडे ४१२ नग आहेत, ते घेऊन बसले आहे. तसे तिला सांगितले.

४ मार्च

मदतकेंद्र. "आपण रांगेत सत्त्याऐंशीवे आहात." पन्नास मिनिटांनी एकोणनव्वदावी झाले. रांगेत मागे सरकण्याचा प्रकार मी प्रथमच पाहिला.

भाचीची बदली झाली आहे. कोणत्या खात्यात, विचारले. "माणसांशी बोलायचं काम आहे. जास्त सांगायचं नाही, अशी सही घेतलीय. आणि तीन आठवड्यांनी ठरणार, ठेवायचं की नाही." सही केली म्हणजे पाळायची, एवढे मी म्हटले आणि पुढे विचारले नाही. आता बहुतेक दिवस ती घरूनच काम करते. आतली खोली बंद, कानाला हेडफोन. माणसांशी बोलून उरले तर घरातल्यांशी बोलेल.

७ मार्च

वाईट दिवस. कोपऱ्यावरची बेकरीवाली आली. नवऱ्याच्या फुप्फुसांचा आजार बळावला आहे, डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन मशीन लावायला सांगितले. आमची चारही बाहेर आहेत. त्यातले एक रिकामे आहे, हे मला पक्के आठवते. जानेवारीत एका घरून फोन आला होता, "आमचं काम झालं, घेऊन जा." काम झाले म्हणजे काय, ते मी विचारले नाही. तेवढा अनुभव आहे. नोंदवहीत "परत आणणे" अशी खूण केली आणि विसरले. घर कोणते, हे नोंदवहीला माहीत आहे. मला नाही.

बेकरीवाली म्हणाली, "बाई, तुम्हाला आठवत नाही असं कधी झालंय का?"

झाले आहे. आज झाले.

भोंगाभाऊ स्कूटर घेऊन आठवणीतल्या घरी निघाले. "बाई, रुग्णवाहिका चालवताना पत्ता नसायचा, तरी पोचायचो. लोक रस्त्यावर येऊन हात करायचे. आता ज्याचं काम झालंय तो कशाला हात करेल?"

८ मार्च

अकरा घरे पाहून झाली. मशीन मिळाले नाही.

९ मार्च

मशीन मिळाले. एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, भिंतीशी, त्यावर चादर आणि चादरीवर फुलदाणी. त्या घरच्या मुलीने भोंगाभाऊंना सांगितले, "आम्ही तर कळवलं होतं. कोणी आलंच नाही, म्हणून टेबल केलं." चूक तिची नाही.

दुपारी एकला बेकरीवाल्याला लावले. तीन दिवस तो उशीला टेकून बसल्या बसल्या झोपत होता. तिने माझे आभार मानले. मला ते घेववले नाहीत.

संध्याकाळी केंद्रात बैठक बोलावली. धाकटीची नोंदवही वापरणारे गावात बरेच आहेत. चौदा जण आले. भाड्याने सायकली देणारा म्हणाला, "माझ्या बावीस सायकली कुठेत ते कंपनीला माहीत. कंपनी कुठेय ते कुणालाच माहीत नाही." गाणे शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला निरोप आला, 'आम्ही आता अधिक बलवान झालो आहोत.' बरोबरच आहे, गोल किती जोरात फिरतो!"

"दोघींचं जुळलं आणि संसार मोडला आपला," भोंगाभाऊ म्हणाले. हे त्यांनी हळू आवाजात सांगितले, तरी रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेले.

सोडून जावे, तर सगळे आत अडकलेले. राहावे, तर काही चालत नाही. असून अडचण, नसून खोळंबा. कोणी म्हणे पत्र लिहू, कोणी म्हणे वर्तमानपत्रात देऊ. मी सांगितले, पत्रांना कोणी भीक घालत नाही. पण प्रत्येक संभाषणाच्या शेवटी ते आपल्याकडे तारे मागतात, एक ते पाच. म्हणजे ते मोजत असणार. जे मोजतात, त्याचीच त्यांना चाड. तेव्हा सगळ्यांनी रोज संपर्क साधायचा, नम्रपणे बोलायचे आणि शेवटी एकच तारा द्यायचा. कोणी कितीही गोड बोलले तरी एकच. भांडारात पुरवठादारांना मी असेच गुण देत असे आणि महिन्याभरात सरळ होत.

सगळ्यांना पटले. कोणी किती दिले याचा तक्ता मी भिंतीवर लावणार आहे.

भाची चहाचे कप न्यायला आली होती. तिने विचारले, "मावशी, तो तारा कुणाला लागतो, माहितेय?"

"कंपनीला. आणखी कुणाला?"

ती "हं" म्हणाली आणि कप घेऊन गेली. सहा वर्षे त्यांचा पगार खाल्ल्यावर थोडे वाईट वाटणारच.

१२ मार्च

मदतकेंद्राचा फोन आता बंद, फक्त संगणकावर लिहून बोलायचे. धाकटीच्या जुन्या ग्राहकांसाठी चारच प्रतिनिधी ठेवले आहेत: तेरा, चौदा, सतरा आणि वीस. नावे सांगत नाहीत. आज मला सतरा लाभला. माझ्या पाच ओळींच्या प्रश्नावर उत्तर आले, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." मी पुन्हा विचारले. पुन्हा दिलगीर. तिसऱ्यांदाही. एक तारा दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, "दिलगिरी हे उत्तर नव्हे. आपण या कामास लायक आहात का, याचा विचार करावा."

तक्त्यावर आजचे एकोणीस.

१५ मार्च

भाची जेवणाला बसते आणि ताट तसेच ठेवून उठते. दुपारी पाऊण तास न्हाणीघरात होती, नळ सोडून. पाणी वाहते आहे, असे मी दारावर टकटक करून सांगितले. नळ बंद झाला, पण ती बाहेर आली नाही. सर्दी झाली असावी, डोळे आणि नाक लाल होते. काढा करून दिला. "मावशी, तू फार कडक लिहितेस का गं लोकांना?" असे तिने मध्येच विचारले. मी म्हटले, स्पष्ट लिहिते. त्याला कडक म्हणत असतील तर म्हणोत.

तक्ता: एकूण त्रेचाळीस. भोंगाभाऊंनी आज एकाला चुकून तीन दिले. "फार सज्जनपणे बोलला हो बाई." मी समज दिली.

१८ मार्च

नवी नोंदवही एकदाची उघडली. ४१२ नग आहेत. सगळेच्या सगळे १५ मार्चला दिल्याची नोंद आहे, आणि कोणाला दिले तो रकाना आरपार रिकामा. एकाच दिवशी ४१२ वस्तू अदृश्य माणसांना वाटणारी बाई म्हणून माझी कायमची नोंद झाली.

तेरा दिवस उरले. जुनी नोंदवही बंद झाली की पत्तेही गेले. हवेच्या गादीचा पंप बिघडला तर त्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. ऑक्सिजन मशीनची जाळी दर महिन्याला बदलावी लागते. कोणाची बदलायची? भांडारात एक म्हण होती, नग हरवला तर शोधता येतो, नोंद हरवली तर नगच नसतो.

लोकांना आपण होऊन कळवा असे सांगणारा कागद दारावर लावला. दोन जण आले. एकाने गेल्या वर्षीच्या कुबड्या परत केल्या, त्या आमच्या नव्हत्याच.

२० मार्च

पुन्हा सतरा. या वेळी दिलगिरी एकदाच, मग कामाचे बोलणे. "जुनी प्रत आमच्याकडे साठवलेली आहे. ती ग्राहकाला देण्याचा अधिकार मला नाही, वर विचारले आहे. तोपर्यंत आपल्याला जेवढे आठवते तेवढे लिहून काढावे. वाफेची यंत्रे आपण वेगळ्या पानावर घेत होता, तिथपासून सुरुवात केल्यास सोपे जाईल."

वाफेची यंत्रे वेगळ्या पानावर असतात हे त्याला कसे कळले? रिकाम्या नोंदवहीत तर तसे काहीच दिसत नाही. साठवलेली प्रत पाहत असावा. माणूस बारकाईचा आहे. माझ्या हाताखाली असता तर सुधारला असता.

काम मात्र झाले नाही. तारा एकच.

जेवताना भाची म्हणाली, "समोरच्याने मदत केली, तरी एकच?"

"मदत केली तर पाच देईन. मदतीचं बोलला, त्याला एकच. आश्वासनं फळीवर मांडून ठेवता येत नाहीत."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. "मग तुझं बरोबर आहे," म्हणाली आणि पानातला सगळा भात संपवला. ती हसते तेव्हा अगदी माझ्या बहिणीसारखी दिसते. हे तिला सांगायचे राहून जाते.

२४ मार्च

भाचीला कचेरीत बोलावले होते. अकराला गेली, साडेबाराला परत आली. "सुट्टी आहे," म्हणाली. किती दिवस, विचारले तर "बघू". बरेच झाले. केंद्रात मदतीला घेतली. दुपारभर तिने आणि भोंगाभाऊंनी आठवेल त्या घरी फोन केले. भोंगाभाऊ फोन कानापासून हातभर लांब धरूनच बोलतात. "फोन कशाला हवा तुम्हाला? खिडकी उघडा की," भाची म्हणाली. दोघे लहान मुलांसारखे हसत होते. संध्याकाळपर्यंत ३८ नग सापडले. या वेगाने गेलो तर आणखी दहा दिवस लागतील. दिवस सात.

२६ मार्च

सकाळी पावणेसातला चहा ठेवून संगणक लावला, तर यादी आलेली. सगळी. ४१२ नग, घर, फोन, दिल्याची तारीख, जाळी बदलल्याची तारीख. प्रतिनिधी सतराकडून. मजकूर दोनच शब्द: "यादी सोबत."

मी तीनदा वरपासून खालपर्यंत तपासली. एकही चूक नाही. तेवीस पानी छापील प्रत काढली. मग पाच तारे द्यायला गेले. कबूल केले होते. उत्तर आले, "हा प्रतिनिधी आता उपलब्ध नाही."

संगणकावर माझा विश्वास उरलेला नाही. नव्या दोन जाड वह्या आणवल्या आणि आम्ही तिघे हाताने उतरवून घ्यायला बसलो. भाची वाचते, मी लिहिते, भोंगाभाऊ ताडून पाहतात. दुपारी सायकलवाला आला. त्यालाही बावीसच्या बावीस सायकलींची यादी मिळाली, सतराकडूनच. खुशीत होता. म्हणाला, "पण बाई, तुमच्या ताऱ्यांनी गंमतच केली. माझ्या त्या वीस नंबरवाल्याने हातच जोडले. म्हणे, साहेब, मारायचं तर कंपनीला मारा, हे माझ्या नावावर चढतात. दोनच्या खाली गेलं की घरी."

मी विचारले, "कुणाच्या नावावर?"

"ज्याच्याशी बोलतो त्याच्या. कंपनीला कोण तारे देतंय?"

भाची पुढचा नग वाचत होती. "एकशे नऊ, कुबड्यांची जोडी, लिही मावशी." मी लिहिले. अक्षर खराब आले आहे.

२७ मार्च

भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि मोजला. चौघांना मिळून आम्ही एकशे सव्वीस वेळा एक तारा दिला. सतराला एकतीस. त्यातले सात माझे, कारणासहित. बाकीच्यांनीही आपली कारणे बहुतेक माझी पाहूनच लिहिली. मी नमुने वाटले होते.

चौदा जणांना कळवले, ताबडतोब थांबवा. का, ते सांगितले. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच तर." तेवढे पुरे होते.

थोरलीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले आहे. प्रतिनिधी सतराने केलेले काम, त्याची अचूकता, आमची चूक, सगळे. त्यास परत घ्यावे. पत्र चांगले उतरले आहे. भाचीला वाचायला दिले.

तिने दोनदा वाचले. "नको पाठवू."

"का? त्या माणसावर अन्याय झालाय आणि तो माझ्यामुळे झालाय."

"यादी द्यायची परवानगी नव्हती, मावशी. वरून नाही आलं होतं. तरी दिली, खातं बंद व्हायच्या आत. तुझं पत्र गेलं, तर नुसतं काढण्यावर थांबणार नाहीत."

"तुला एवढं काय माहीत त्याचं?"

ती पत्राची घडी घालत राहिली. मोठी, मग लहान, मग आणखी लहान. "मी तिथेच होते ना," म्हणाली.

पत्र पाठवले नाही. तिची सुट्टी फार लांबली आहे. उद्या विचारीन.

२९ मार्च

विचारले नाही. उतरवण्याचे काम पूर्ण, दोन वह्या, ४१२. बेकरीवाल्याच्या मशीनची जाळी बदलून आले. तो आता आडवा झोपतो.

भाची आतल्या खोलीत हेडफोनची तार गुंडाळत बसली होती. तिला म्हटले, तू हसतेस तेव्हा तुझ्या आईसारखी दिसतेस. ती म्हणाली, "आज काय झालंय तुला?"

३१ मार्च

सकाळी साडेअकराला थोरलीचा माणूस आला. भाचीकडचे कंपनीचे सामान परत न्यायला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात छापील अर्ज. भाचीने सामान आधीच टेबलावर मांडून ठेवले होते. मी म्हटले, माझ्या घरातून नोंद केल्याशिवाय काही जात नाही. चष्मा लावला आणि प्रत्येक नग हातात घेऊन पाहिला. ओळखपत्र शेवटी घेतले. त्यावर तिचा फोटो, सहा वर्षांपूर्वीचा, आणि खाली क्रमांक.

मी बराच वेळ ते धरून होते. "वाचता येत नाही का?" त्या माणसाने सौजन्याने विचारले. येते, असे मी सांगितले.

भाची खिडकीकडे पाहत म्हणाली, "सही केली होती ना. तूच म्हणालीस, पाळायची."

अर्जाच्या शेवटी छापलेले होते, "कंपनीची कोणतीही माहिती माझ्याकडे अथवा अन्य कोणाकडे ठेवलेली नाही." भाचीचे पेन तिथे थांबले. मी केंद्रात गेले, छापील यादी आणली, संगणकावरची भाचीकडून पुसून घेतली आणि त्या माणसापुढे ठेवली. त्याने पाने चाळली. या वस्तू कोणाच्या, असे विचारले. वस्तू आमच्या, घरे आमच्या माणसांची, वह्या माझ्या अक्षरातल्या, मी म्हटले. कागद तेवढा तुमचा, तो घेऊन जा. मग भाचीने सही केली.

दिलेल्या सामानाची नोंद:

लॅपटॉप एक, झाकणावर डाव्या कोपऱ्यात ओरखडा, जुना.
चार्जर एक, चालू स्थितीत.
हेडफोन एक, उजव्या कानाची गादी झिजून फाटलेली.
कचेरीच्या कपाटाची किल्ली एक.
छापील यादी, पाने तेवीस, मोजून.
ओळखपत्र एक, प्रतिनिधी क्रमांक सतरा.

कमी करण्याचे कारण, त्यांच्या अर्जानुसार: ग्राहकांनी दिलेले गुण.

देणारीची सही झाली, घेणाऱ्याची सही झाली. साक्षीदार म्हणून मला सही करायला सांगितले. मी "साक्षीदार" हा शब्द खोडला, वर "कारणीभूत" लिहिले आणि पूर्ण नावाने सही केली. तो म्हणाला, असा रकाना अर्जात नाही. मी म्हटले, आता आहे.

वेळ दुपारी बारा चाळीस. एक प्रत त्यांच्याकडे, एक भाचीकडे.